तळघरातून घेतलेलं माप

आमच्या कापडाच्या दुकानाच्या तळघरात बसून गिऱ्हाइकांचे कपडे आखूड-सैल करून देणाऱ्या शिंपीणबाईंना सगळे टाचणीमावशी म्हणतात. ओठांत कायम चार टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं बेताचं. मावशींच्या पोटातली गोष्ट काढायची तर आधी तोंडातल्या टाचण्या काढाव्या लागतील, असं काउंटरवरच्या मुली म्हणायच्या.

पोटात गोष्ट एकच होती. नवऱ्याच्या माराला कंटाळून त्यांची लेक मुलीला घेऊन दुसऱ्या गावी निघून गेली होती. ते गाव कोणतं, हे मावशींनी सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं. जावई मोबाइल दुरुस्तीची कामं करायचा. एकदा गोड बोलून आणि एकदा धमकावून, दोन्ही वेळा तो दुकानातून हात हलवत परत गेला होता.

नातीला मात्र मावशी अधूनमधून फ्रॉक शिवून कुरियरने पाठवत. माप घ्यायची रीत त्यांचीच. जेवणाच्या सुट्टीत लेक व्हिडिओ कॉल लावून नातीला फोनसमोर उभं करायची, तिच्या अंगाला टेप लावायची, आणि मावशी इकडे आकडा खडूने कापडावरच लिहून घ्यायच्या. तळघरात रेंज नाही, म्हणून हे सगळं दुकानाच्या फुकट वायफायवर चाले.

एका दुपारी दुकानाच्या नावाची दोन वायफाय दिसली. नेहमीचं लागेना, म्हणून मावशींनी दुसरं दाबलं. त्याने ईमेल आणि पासवर्ड मागितला. नात तिकडे ताटकळत उभी असणार. मावशींनी दोन्ही भरले. माप मिळालं, फ्रॉक झाला, पोचलाही.

पुढच्याच आठवड्यात जावई लेकीच्या दारात उभा राहिला. शेजारी धावून आले म्हणून निभावलं. जाताना तो म्हणाला, "आईला सांग, कुरियरच्या पावत्या ईमेलवर मागवत जाऊ नका."

दुकानातले संगणक सांभाळणाऱ्या वायरवाल्याने मावशींचा फोन बघितला.

"मावशी, आपलं वायफाय नुसता फोन नंबर विचारतं. ईमेलचा पासवर्ड कशाला मागेल?"

"नाव तर आपल्याच दुकानाचं होतं."

"नाव काय, कुणीही कुणाचंही लावतं. रस्त्यापलीकडे बसूनसुद्धा."

मावशींनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या. त्याने पासवर्ड बदलून दिला. बैल गेला नि झोपा केला, हे त्यालाही कळत होतं. तक्रार नोंदवली, पण ते वायफाय कुणाचं होतं हे कुणालाच दाखवता आलं नाही.

लेकीने पुन्हा घर बदललं. त्याआधी शेजारणीच्या फोनवरून बोलली.

"आई, या वेळी कुठे जातेय ते तुलाही सांगत नाही."

"नको सांगूस. माप तेवढं कळवत जा."

"फोनच नको आता, आई."

मावशी अजून तळघरातच बसतात. सुट्टीत फोन पिशवीत बंद असतो. मध्यंतरी एका गिऱ्हाइकाबरोबर नातीच्याच वयाची मुलगी आली. नातीच्या मापाचा अंदाज येईल म्हणून मावशींनी तिच्या आईला विचारून तिचे खांदे, छाती, उंची मोजली आणि आकडे एका फुलाफुलांच्या तुकड्यावर लिहिले.

"हिचं माप घेऊन काय उपयोग," ती बाई सहज म्हणाली, "वयाच्या मानाने फारच बारीक आहे ही."

मावशींनी मान डोलावली आणि तुकड्यावरचे खडूचे आकडे हाताने झटकून टाकले.