सही जुळत नाही

माझा भाऊ गरीब स्वभावाचा आहे असं लोक म्हणतात. म्हणायला लोकांचं काय जातंय. एका दुकानात त्याच्या शेजारी बसून मी एकतीस वर्षं काढलीत आणि मी सांगते, त्याच्याइतका हट्टी माणूस शोधून सापडायचा नाही. फक्त आवाज चढवत नाही, म्हणून कोणाला कळत नाही एवढंच.

दुकान शिंप्याचं. पुढे काच, काचेला लागून कापायचं लांब टेबल, मध्ये माझं मशीन, मागे पडदा. पडद्यामागे ट्रायलचा आरसा आणि एक बेसिन. दादा कापतो, मी शिवते. त्याला सगळे मास्तर म्हणतात, मला ताई म्हणतात, आणि दादा मला अजून छोटी म्हणतो. छोटीला येत्या महिन्यात चोपन्न पूर्ण होतील. गिऱ्हाईक येतं ते मास्तरच्या हातासाठी. कोट अंगावर बसला की आरशात वळून वळून बघतात आणि म्हणतात, "मास्तर, हात आहे खरा तुमचा." बाही मी लावलेली असते, पण जाऊ दे.

अपघात म्हणायचीही लाज वाटावी असा तो अपघात होता. अस्तराचा व्यापारी दादाला आपल्या गाडीतून दुकानापर्यंत सोडायला येत होता. सिग्नलला गाडी उभी असताना मागून एका माणसाची गाडी येऊन आदळली. मागचा दिवा फुटला, पत्र्याला पोचा आला, बाकी काही नाही. सावरायला म्हणून दादाने उजवा हात समोर टेकवला, तेवढ्यात अंगठा उलटा वळला. ठोकणारा माणूस घाबरून थरथरत होता, तर आमच्या या महाशयांनी खाली उतरून त्यालाच धीर दिला. "काही झालेलं नाही हो, बसा जरा सावलीत." हे त्याने स्वतःहून सांगितलं मला, वर कौतुकाने.

डॉक्टरांनी फोटो काढला. हाड शाबूत होतं. अंगठ्याच्या मुळाशी आतून ताण बसलाय, सहा आठवडे पट्टा लावा, जोराचं काम नको, म्हणाले. कापड कापणं हे जोराचं काम आहे हे कापड न कापणाऱ्याला सांगून कळत नाही. आमची कात्री हातभर लांब आणि चांगली जड. खालचं पातं टेबलावरून सरकवायचं आणि वरचं पातं अंगठ्याने उचलायचं, दिवसभर. सगळा भार त्या एका अंगठ्यावर. सहा आठवड्यांनी पट्टा निघाला तेव्हा अंगठ्याचं टोक बधिर होतं. हातात बटण धरलं तर केव्हा खाली पडलं ते त्याला आवाजावरून कळायचं. डॉक्टर म्हणाले, अजून तीन-चार महिने वाट बघा, स्पर्श परत येईल, कदाचित यायचाही नाही.

मग दुकान कसं चाललं? मी चालवलं. सकाळी शटर अर्धं खाली ठेवून मी कापायचे. दादा दोन बोटांत खडू धरून खुणा करून द्यायचा आणि मी त्याच्या खुणांवरून कात्री चालवायचे. त्याची कात्री एका दमात लांब जाते, माझी तुकड्यातुकड्याने जाते, त्यामुळे कडेला बारीक दाते पडतात. म्हणून मी माया, म्हणजे शिवणीबाहेरचं कापड, जरा जास्त ठेवायचे, शिवणीत सगळं आत जायचं. बाहेर कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही असं ठरलं होतं. ठरलं म्हणजे दादाने ठरवलं. "लोक माझ्या हाताला देतात ग कापड," म्हणाला. दहाच्या सुमाराला शटर वर जायचं आणि मास्तर गळ्यात टेप टाकून टेबलामागे उभे. मी मशीनवर, कंबरेचा काटा ढिला झालेली. संध्याकाळी घरी गेल्यावर जेवण गरम करायचाही कंटाळा यायचा.

इकडे ठोकणाऱ्या गाडीच्या विमा कंपनीशी पत्रापत्री चालू होती. ती करायची मीच, कारण दादा पाकीट बघितलं की टेबलाच्या खणात ढकलतो. बिलं पाठवा. पाठवली. मूळ बिलं पाठवा. पाठवली. फोन केला की गाणं वाजायचं, मग एक मुलगी यायची आणि परत पहिल्यापासून सगळं विचारायची. अंगठा उजवा की डावा हे मी सहा वेळा सांगितलं. सातव्यांदा विचारलं तेव्हा मी म्हणाले, बाई, तोच, अजून बदललेला नाही.

शेवटी कळलं ते असं. कंपनी औषधपाण्याचा खर्च देईल आणि बुडालेल्या कामाची भरपाई देईल, पण काम खरंच बुडालं का हे बघायला त्यांचा माणूस येईल. आणि पैसे घ्यायचे तर एका कागदावर सही करायची की हे पूर्ण आणि अंतिम, यापुढे आमचं काही मागणं नाही. माझा जीव अडकला होता तो इथे. उद्या अंगठा कायमचा बधिर राहिला तर दुकानाचं काय, दादाचं काय? सही केली की तोंड उघडायची सोय संपली. म्हणून मी ठरवलं होतं, त्या माणसाला हात दाखवायचा, खरं काय ते सांगायचं, आणि सहीला घाई करायची नाही.

तो माणूस आला एका दुपारी. साधा होता बिचारा, घामाघूम झालेला, बगलेत फाइल. मी त्याला स्टूल दिलं. नेमके त्याच वेळी पडद्यामागे बँकेतले साहेब नवीन कोट घालून आरशात बघत होते. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. कंपनीच्या माणसाने दुकानभर नजर फिरवली. दांडीला पाच कोट लटकलेले, चार पँटी घडी करून ठेवलेल्या, प्रत्येकावर तारखेची चिठ्ठी.

"काम तर जोरात दिसतंय," तो म्हणाला. "हे सगळं अपघातानंतरचं ना?"

मी तोंड उघडलं. दादाने माझ्याकडे बघितलं आणि मग पडद्याकडे. म्हणावं तरी काय? कोट मी कापलाय, आणि तो ज्यांचा आहे ते साहेब दीड हातावर उभे आहेत?

मग मला वाटलं, मोठी अक्कल सुचली. कंपनीच्या माणसाला म्हणाले, "साहेब, तुम्हीच बघा ना. दादा, कापून दाखव त्यांना." मनात म्हटलं, कात्री चार बोटं जाईल आणि अडेल, हात थरथरेल, माणसाला डोळ्यांनी दिसेल. बोलायची गरजच नाही. मी उठले, फळीवरून हाताला आलं ते कापड ओढलं आणि टेबलावर पसरलं. राखाडी, भारीतलं, पँटचं. खडूच्या खुणा सकाळीच झालेल्या होत्या.

दादाने कापडाच्या कोपऱ्याला टाचलेली चिठ्ठी वाचली. मग त्याने कात्री उचलली आणि कापलं. कंबरेपासून पायापर्यंत, एका दमात, जसा तो एकतीस वर्षं कापत आला तसा. कुठे अडला नाही, कुठे दाता नाही. वळणावर सुद्धा कात्री जड झाली नाही. मी बघतच राहिले. पडद्यातून साहेबांनी डोकं बाहेर काढलं आणि म्हणाले, "बघा, याला म्हणतात हात."

कंपनीच्या माणसाने फाइलमध्ये काहीतरी लिहिलं, चहा नको म्हणाला आणि गेला. साहेबही कोट काढून गेले. दादा पडद्यामागे गेला तो येईचना. मी जाऊन बघितलं तर बेसिनमध्ये नळाखाली हात धरून उभा होता. चेहरा पांढराफटक. बोटं आखडली होती ती उघडत नव्हती.

"डोकं फिरलंय का तुझं?" मी म्हणाले. "एवढं सरळ कापायला कोणी सांगितलं होतं? वाकडं जाऊ दिलं असतंस तर काय झालं असतं?"

"कापड कोणाचं होतं?" तो म्हणाला.

मी बाहेर येऊन चिठ्ठी वाचली. कोपऱ्यावरच्या शाळेतल्या शिपायाचं. तीन महिन्यांपूर्वी आणून दिलेलं, त्याच्या निवृत्तीच्या दिवसासाठी. आयुष्यात पहिल्यांदा त्याने विकतची तयार पँट न घेता कापड घेतलं होतं, असं तो मला स्वतः म्हणाला होता. टेबलाखाली चिंध्यांचं पोतं भरलेलं होतं. त्यातला एखादा तुकडा मी काढला असता तरी चाललं असतं. पण त्या माणसाला ते खरं वाटायला हवं होतं ना. माझ्याच हाताने मी वाटोळं केलं. गिऱ्हाइकाच्या कापडावर दादाची कात्री वाकडी जाईल, हे एकतीस वर्षांनंतर मला वाटलंच कसं? मला माझाच राग आला, आणि त्याचाही आला.

आठवड्याने कंपनीचं पत्र आलं. काम बुडाल्याचं आढळलं नाही, म्हणून ती भरपाई कापली. उरला फक्त औषधपाण्याचा खर्च आणि वर थोडी रक्कम, सहानुभूती म्हणून. पंधरा दिवसांत सही करून पाठवा. मी म्हणाले, पाठवायची नाही. वहिनी म्हणाली, "अगं, किती दिवस ओढायचं हे? घेऊ दे त्यांना आणि मोकळं होऊ दे. रात्री झोपत नाहीत ते." तिचंही चूक नव्हतं. थकलो तर सगळेच होतो. दादा काहीच म्हणाला नाही, म्हणजे त्याने ठरवलं होतं. मला न सांगता सही करून त्याने पाकीट पोस्टात टाकलं. मला कळलं ते चार दिवसांनी, पावती खणात सापडली तेव्हा. मी भांडले नाही. भांडायला अंगात त्राण लागतं.

त्याच पाकिटाचं उत्तर आलं. मला वाटलं चेक आला. चेक नव्हता. चार ओळी होत्या. आपली सही ओळखपत्रावरच्या सहीशी जुळत नाही, तरी सोबतच्या नवीन कागदावर पुन्हा सही करून पाठवावी. मी ते पत्र दादाच्या हातात दिलं. त्याने वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि जेवायला गेला.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी सकाळी दुकानात आले, तर शटर आधीच अर्धं वर होतं. दादा टेबलाशी बसला होता. कापायच्या आधी आम्ही ज्यावर माप काढतो तो खाकी कागद त्याने टेबलभर उलगडला होता आणि त्यावर सह्या केल्या होत्या. किती ते मी मोजलं नाही. दोन हात कागद भरला होता. दादाची सही म्हणजे पूर्ण नाव आणि खाली एका झटक्यात ओढलेली लांब रेघ. आता नाव कुठल्या कुठे जात होतं आणि रेघ मध्येच तुटत होती. काही ठिकाणी पेन सुटून कागदावर शाईचा डाग पडला होता. शेजारी ओळखपत्र ठेवलं होतं, बघून काढायला. स्वतःची सही बघून काढत बसला होता माझा भाऊ.

मी पिशवी खाली ठेवली आणि त्याच्यासमोर बसले.

"एक जुळली होती," तो म्हणाला, "पण ती कुठे गेली ते आता सापडत नाही."

मी म्हणाले, "ठेव ते."

त्याने पेन ठेवलं. हात मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताने दाबत बसला. बाहेर समोरच्या दुकानाचं शटर वर गेलं.

"छोटे, त्यांना पत्र लिही," तो म्हणाला. "हे पैसे नकोत म्हणून लिही. माझा हात गेलाय. अपघात झाल्यापासून मी कापत नाही, माझी बहीण कापते. तुमच्या माणसासमोर कापलं ते तेवढंच, त्यानंतर चार दिवस मला घास धरता आला नाही. खोटं वाटलं तर गिऱ्हाइकांना विचारा म्हणावं. मी आजपासून सगळ्यांना सांगणार आहे."

हे वाक्य त्याच्या तोंडून निघावं म्हणून मी अडीच महिने जिवाचा आटापिटा केला होता. कागद घेतला, तारीख घातली, कंपनीचं नाव लिहिलं. आणि पुढे मला लिहवेना. 'माझा हात' एवढं लिहिलं आणि थांबले.

"बरा होईल रे," मी म्हणाले. "डॉक्टर म्हणालेत ना, तीन-चार महिने. अजून कुठे झालेत?"

"होईल तेव्हा होईल. आज नाहीये तो. लिही."

"दादा, 'गेलाय' नको लिहायला. 'त्रास आहे' लिहूया."

"त्रास आहे असं लिहिलंस की ते परत माणूस पाठवतील," तो म्हणाला. आवाज चढला नव्हताच. "आणि मी परत कापून दाखवीन. मला माहितीये ना मी कसा आहे ते. गेलाय लिही."

मग तो सांगत गेला आणि मी लिहीत गेले. पाऊण पान झालं. मी वाचून दाखवलं, त्याने मान हलवली. खाली सहीसाठी जागा सोडली होती, तिथे मी बोट ठेवलं आणि पेन त्याच्या हातात दिलं. ओळखपत्र पुढे सरकवलं. त्याने ते बाजूला केलं.

"आता जशी येईल तशी करतो," तो म्हणाला, आणि केली.