सीलबंद डब्यातलं कुंकू

आमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत मी व्याह्यालासुद्धा चपला घालून येऊ दिलं नसतं. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लासेस निघत होते. भूकंपानंतर अंगणात ठोकलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये माझाही केमिस्ट्रीचा क्लास चालायचा. तीन उन्हाळे घाम गाळून मी त्या मशीनवर प्रश्न टाईप केले होते. परीक्षेआधीच्या सराव टेस्ट त्यातूनच निघायच्या, आणि त्या टेस्टसाठीच पोरं मोठे क्लास सोडून माझ्या पत्र्याखाली उकडत बसायची. म्हणून व्हायरसचा मला लई धसका. कुणी फ्लॉपी घेऊन आलं की मी दारातूनच ओरडायची, "बाबा, ती बाहेर ठेव आधी!"

व्हायरस मारायचं सॉफ्टवेअर घ्यायचं तर दुकानातलं, सीलबंदच घ्यायचं, असं मी ठरवलं. आणि दुकान कुणाचं? माझ्या राखीच्या भावाचं! भूकंप झाला तेव्हा तो आमच्याकडं भाड्यानं राहून पॉलिटेक्निक करत होता. धक्के बसत राहिले, सगळी गल्ली घराबाहेर झोपायला लागली, तेव्हा तो आमच्याच ताडपत्रीखाली होता, माझ्याच हातची भाकरी खात होता. पुढच्या श्रावणात मी त्याला राखी बांधली. आता नांदेडात त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. मी एसटीनं नांदेड गाठलं. "ताई, तुमच्यासाठी खास बाजूला काढून ठेवलाय," म्हणत त्यानं डबा माझ्या हातात दिला. वरचा कागद कसा चकचकीत!

घरी येऊन सील फोडलं, तर आतल्या फ्लॉपीवर कुंकवाचं बोट. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. नवी वस्तू आपण कुंकू लावल्याशिवाय वापरत नाही. भावानं आठवणीनं लावून दिलं, असं वाटलं. सील अन् कुंकू दोन्ही एकदम कसं, हे डोक्यातच आलं नाही. पोरांना केमिस्ट्री शिकवते, आणि अक्कल बघा!

काही दिवसांत मशीन येड्यासारखं करायला लागलं. मग प्रश्नांची एकही फाईल उघडेना. प्रश्नांची नक्कल असलेली, जपून ठेवलेली दुसरी फ्लॉपी घाईघाईनं घातली, तर तिच्यातलंही गेलं. टेस्ट तोंडावर आलेल्या.

ओळखीच्या एक क्लासवाल्या बाई होत्या. त्यांना कॉम्प्युटरमधलं कळायचं, म्हणून ती दुकानातली फ्लॉपी घेऊन त्यांच्याकडं गेले. ती बघताच त्या म्हणाल्या, "अगं बाई, ही तर आमची! दसऱ्याला मीच कुंकू लावलेलं. हा कोपऱ्यातला शाईचा डागही आमचाच. आमच्या मशीनमधला व्हायरस हिच्यातही शिरला, तेव्हा तुमच्या नांदेडवाल्यानं ही परत नेली अन् दुसरी दिली."

म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं होतं. दारात कुणाची फ्लॉपी येऊ दिली नाही, आणि ही मी स्वतः पर्समध्ये सांभाळून आणली होती.

टेस्ट झाल्याच नाहीत. पोरं एकेक करून मोठ्या क्लासला गेली. जाताना पाया पडून गेली, त्याचंच जास्त लागलं. शेड रिकामं झालं, तेव्हा मी पुन्हा नांदेडला गेले.

"केसानं गळा कापलास रे!" भर दुकानात म्हणाले. गिऱ्हाईकं बघत होती, बघू देत.

तो बिचकलासुद्धा नाही. "ताई, परत आलेला माल काय फेकून देऊ? सगळेच असं करून राहिले. अन् सील तर नवं मारून दिलं होतं ना मी!"

मी फ्लॉपी त्याच्यापुढं टाकली. "आणि हे कुंकू?"

त्यानं ती उलटीसुलटी करून पाहिली. "कुठलं कुंकू, ताई? आत काय हाय, मी बघितलंबी न्हाई."

'मीच लावलं' असं म्हणाला असता, तर एवढं एक खोटं मी खरं मानून घेतलं असतं. मेल्याच्यानं तेवढंही झालं नाही.