माझ्या रूममेटची तळी

सुट्टीवर जाऊन मनापासून दुःखी होणं माझ्या रूममेटइतकं या पृथ्वीवर दुसऱ्या कुणालाही जमलेलं नाही. रूममेट म्हणजे एके काळचा. एम. एस. करताना आम्ही एका खोलीत गाद्या टाकून राहिलो, पुढे दोघांची लग्नं झाली, त्याचं मोडलंही. पण आमच्या घरात त्याचं नाव अजून 'रूममेट' असंच आहे. तो मूळचा नागपूरचा, हल्ली टेक्ससमध्ये डॅलसजवळ अर्विंगला एकटा राहतो. त्याची मुलगी मात्र आईबरोबर बॉस्टनजवळ आमच्या श्रूजबरीत वाढली. उन्हाळ्यातले काही आठवडे ती त्याच्या वाट्याला यायची, आणि दर वर्षी तो तिला घेऊन दक्षिण फ्रान्समधल्या एका तळ्यावर जायचा. लहानपणी तिने कॅलेंडरवरच्या हिरव्यानिळ्या पाण्यावर बोट ठेवून "हिअर, बाबा" म्हटलं होतं. याने ते कोर्टाच्या हुकमासारखं पाळलं.

तिथे तो चालायचा, सायकल चालवायचा आणि पोहायचा, आणि तिन्ही गोष्टी कुणाच्या तरी दहाव्याला निघाल्यासारख्या चेहऱ्याने करायचा. चालताना डोक्यावर टोपी आणि टोपीवर छत्री. लॅव्हेंडरच्या शेतात लोक फोटो काढत असायचे, तेव्हा हा मधमाश्यांच्या धास्तीने तोंडाला रुमाल गुंडाळून बांधावर उभा. सायकलवर प्रत्येक वळणाआधी घंटी, समोर कुणी असो वा नसो. एकदा त्या घंटीने अंगणात झोपलेलं एक कुत्रं जागं झालं आणि गाव संपेपर्यंत याच्या मागे धावलं. तरी याचं म्हणणं असं की घंटी वाजवली नसती तर ते आडवंच आलं असतं. सकाळी भाड्याच्या घराच्या दारात ताज्या पावाचा वास, आणि हा आत नागपूरहून आलेला मसाला घालून तर्री-पोहे करतोय. घरमालकीणबाईंनी पहिल्या वर्षी एक घास खाऊन तांब्याभर पाणी प्यायलं आणि दुसऱ्या वर्षी स्वतःच वाटी घेऊन आल्या. तळ्याचं एवढं कौतुक जगभर, पण हा काठावर उभा राहून म्हणायचा, "आमच्या फुटाळा तलावावर निदान भाजलेला भुट्टा तरी मिळते बे." पाण्यात तर तो इतक्या सावकाश उतरायचा की हा घोट्यापर्यंत पोचेतो बाकीचे पोहून, अंग पुसून जेवायला गेलेले असायचे.

आणि तरी त्याने एकही वर्ष चुकवलं नाही. मुलगी तिथे सायकल शिकली, डोंगर चढायला शिकली, पोहायला शिकली. ते सगळं तो मला परत आल्यावर सांगायचा, तेही तक्रारीच्या सुरात: आता ती फार पुढे निघून जाते, थांबत नाही.

या वर्षी ती आलीच नाही. न्यू हॅम्पशायरमधल्या एका मुलांच्या कॅम्पवर तिला लाइफगार्डची नोकरी लागली आणि निघायच्या आठवड्यात तिने मेसेज करून ट्रिप कॅन्सल केली. रूममेट ठरल्याप्रमाणे तिला न्यायला आमच्या घरी येऊन बसलेला होता. त्याने मेसेज वाचला, फोन उलटा ठेवला आणि मला विचारलं की यंदा बॉस्टनमध्ये पाऊस बरा झाला का. माझी बायको आत येऊन हळूच म्हणाली, "तू जा त्याच्याबरोबर. नाहीतर हा एकटा बसून तळं आटवेल."

मी गेलो. छत्रीमागून चाललो, घंटीमागून सायकल हाणली, तर्री खाल्ली. घरमालकीणबाई वाटी घेऊन आल्या आणि खुणेनेच विचारलं, मुलगी कुठे? त्याने हाताने कुठेतरी लांब दाखवलं. त्या गेल्यावर तो तिच्या रिकाम्या खोलीतल्या खिडक्या उघडून आला. रोज सकाळी उघडायचा, संध्याकाळी लावायचा.

चारपाच दिवसांनी तो नेहमीसारखा घोट्याएवढ्या पाण्यात उभा होता. मी काठावर वाचत पडलो होतो. मान वर केली तर तो दिसेना. मग लांबवर, पोहणाऱ्यांसाठीच्या पिवळ्या तरंगत्या खुणांच्याही पलीकडे, त्याचं डोकं दिसलं, आणि ते हलत नव्हतं. मला जेमतेम पोहता येतं. मी पायाने चालवायची एक बोट भाड्याने घेतली आणि आयुष्यात कधी मारले नसतील इतक्या जोरात पाय मारत निघालो. जवळ गेलो तर तो पाठीवर तरंगत आभाळ बघत होता. मी त्याला तोंडाला येईल ते बोललो. त्याने निमूटपणे बोटीची कड धरली.

मग म्हणाला, "इथेच ती पहिल्यांदा माझा हात सोडून पोहली. मी किती टाळ्या वाजवल्या होत्या. मूर्ख माणूस."

मी त्याला वर ओढून घेतलं. वारा समोरून होता. काठाला लागेपर्यंत दोघंही पाय मारत राहिलो.

बॉस्टनला उतरलो तेव्हा त्याचं डॅलसचं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. गाडीत बसल्यावर त्याने विचारलं, जरा उत्तरेकडे ड्राइव्ह करशील का? मी गाडी न्यू हॅम्पशायरकडे वळवली. कॅम्पचं तळं लहानसं होतं, भोवती पाइनची झाडं, पाणी चहासारखं. मुलगी उंच खुर्चीवर गळ्यात शिट्टी घालून बसली होती. तिने आम्हाला पाहिलं, क्षणभर गोंधळली, मग तळवा उचलून 'थांबा' अशी खूण केली. रूममेट गाडीला टेकून थांबला. पाण्यात एक चिमुरडी धक्क्याला घट्ट धरून रडत होती. ही खाली उतरली, तिच्या पोटाखाली हात धरून तिला फिरवू लागली, शांतपणे काहीतरी सांगत. रूममेटने चष्मा काढून पुसला, परत लावला.

ड्यूटी संपल्यावर ती ओल्या केसांनी आली. "यू लुक सो टायर्ड, बाबा," एवढंच म्हणाली आणि त्याच्या हातातली पाण्याची बाटली घेऊन अर्धी संपवली. मग दोघं तळ्याभोवती एक चक्कर मारून आले. काय बोलले मला माहीत नाही. लांबून पाहताना एवढंच दिसलं की ती सावकाश चालत होती.

परतताना तो बाहेर बघत होता. मग म्हणाला, "पोरं ऐकतात बे तिचं."

मी हो म्हटलं. आणखी थोड्या वेळाने त्याने विचारलं, पुढच्या वर्षी त्या घरातली एकच खोली घेतली तर?

"दोन्ही घे," मी म्हणालो.

बाहेर झाडांमागून मधूनमधून पाणी चमकत होतं, आणि तो प्रत्येक वेळी मान वळवून ते दिसेनासं होईपर्यंत बघत होता.