भरून ठेवलेलं पाणी

वाशीच्या आमच्या फ्लॅटमध्ये फ्रिज यायच्या आधी माशांची टाकी आली. लोखंडी अँगलची, काचा पुट्टीने बसवलेल्या, दोघांनाही उचलता न येणारी धोंड. हौस बायकोची. मासे नावापुरते, पाच-सहा गप्पी. तिचा सगळा जीव झाडांवर. ती उरणची, कोळ्याची पोर. "मासं आमी खातो, पालत नाय," म्हणायची, आणि माहेरच्या तळ्यातली लांब हिरव्या पातीची झाडं ओल्या फडक्यात गुंडाळून आणायची. "आणलंस पुन्हा शेवाळ?" असं मी म्हटलं की झालं, संध्याकाळपर्यंत तोंडाचा पट्टा चालू. "शेवाळ नाय, झाड हाय. मुळं दिसत नायत तुमाला?"

तिचे नियम फार. मूळ वाळूत दाबायचं, पण कोंब उघडा ठेवायचा. पिवळं पान ओढायचं नाही, कात्रीने कापायचं. आणि नळाचं पाणी लगेच टाकीत घालायचं नाही, त्यात औषध असतं. बादलीत रात्रभर ठेवायचं, सकाळी घालायचं. ती बादली कायम मोरीच्या दाराशी. मी तिला अडखळायचो आणि वैतागायचो.

पुढे ती आजारी पडली. दवाखान्यात नेलं त्याच आठवड्यात एका झाडातून दोऱ्याएवढा बारीक दांडा निघाला होता. "ह्याला फूल येनार. पान्याच्या वर येऊन उमलतं," ती म्हणाली होती. मग रोज खाटेवरून तोच प्रश्न, "दांडा कुठवर आला?" घराची चौकशी नाही, माझ्या जेवणाची नाही. तुळशीला कधी तांब्याभर पाणी न घातलेला मी, ऑफिसातून येऊन टाकीसमोर बसायला लागलो. एकही पान जाऊ द्यायचं नाही, एवढंच डोक्यात.

"अजून बोटभर राहिलाय," मी सांगितलं.

"मी येते बघायला. तोवर मरू देऊ नका."

ती आली नाही. म्हणजे घरी आणली, पण दोन तासांसाठीच.

माणूस गेलं की घरातलं भरून ठेवलेलं पाणी ओतून टाकायचं, ही आमच्याकडची रीत. आम्ही तिला घेऊन निघालो आणि साताऱ्याहून आलेल्या माझ्या मावशीने हंडा ओतला, माठ ओतला, मोरीच्या दाराशी असलेली बादली ओतली. आणि टाकीही. मी स्मशानातून परतलो तेव्हा काचा लख्ख होत्या आणि आत वाळूसुद्धा नव्हती.

"शेवाळ फार माजलं होतं रे. घासून काढलं सगळं. मासे तेवढे शेजारी दिलेत बरणीत, मुका जीव."

मुका जीव. आणि झाडांना जीव नव्हता? ओरडावंसं वाटलं. पण म्हातारी सकाळपासून उपाशी होती, रडून डोळे सुजलेले, कंबर धरून बसलेली. रीतीप्रमाणे करायचं ते तिने केलं होतं.

"बरं केलंस," मी म्हणालो.

मग खाली गेलो. इमारतीमागच्या कचऱ्यावर सगळी झाडं वाळूत कालवून पडली होती. उन्हाने पाती कागदासारखी झालेली. मी खाली बसून एकेक पात सोडवत तो दांडा शोधत राहिलो. सापडला नाही. गॅलरीतून लोक बघत होते. बघू देत. स्मशानात डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं, तिथे ढसाढसा रडलो.

वर येऊन आंघोळ केली. मोरीतून निघताना सवयीने बादली नळाखाली लावली, भरली, मोरीच्या दाराशी ठेवली. सकाळी तीच उचलून टाकीपाशी नेली आणि तशीच हातात धरून उभा राहिलो.

"पाणी कुणाला रे?" मावशीने विचारलं.