शिंप्याच्या घरातला फ्रीज

नोकरीत चौकश्या पुष्कळ केल्या. त्यातली ही एक मला अजून सोडत नाही.

तेव्हा मी जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. दुसरबीडच्या अलीकडे रस्त्याला लागून एका शिंप्याची जागा होती. एका व्यापाऱ्याने ती दाबून तिच्यावर गोदाम उठवलं. शिंप्याने कोर्टात दावा टाकला, पण जागेच्या किमतीवर लागणारी कोर्ट फी भरायची त्याची ऐपत नव्हती. अशा माणसाची फी कोर्ट माफ करतं. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला जोडून शिंप्याने तसा अर्ज केला होता.

आणि एक दिवस व्यापारी ठाण्यात तक्रार घेऊन आला. सोबत मोबाईलमधले फोटो होते. शिंप्याच्या घरात फ्रीज, नवा सोफा, दारात मोटरसायकल. "दाखला खोटा आहे साहेब, आजच गुन्हा दाखल करा." गुन्हा दाखल झाला की माफी अडचणीत, माफी गेली की दावा गेला आणि जागाही गेली, एवढा साधा डाव होता. तक्रारदार घाई करू लागला की मी मुद्दाम सावकाश होतो.

शिंप्याला बोलावलं. पन्नाशीचा माणूस, बोलणं हळू.

"फोटो तुमच्याच घरातले?"

"हाव."

"सामान कोणाचं?"

"माह्यंच समजा."

"मग दाखला खोटा?"

"दाखला खरा हाये साहेब."

दोन तास विचारलं, आवाज चढवला, गुन्ह्याची भीती घातली. माणूस तसूभर हलला नाही. खोटं बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो. हा बोलतच नव्हता. मला राग आला आणि संशयही. पण संशय त्याच्यावर नव्हता, तक्रारदारावर होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. सोफा नाही, फ्रीज नाही. सामान हलवलं असेल म्हणावं, तर फोटोत फ्रीज जिथे उभा होता त्या भिंतीला विजेचा पॉईंटच नव्हता. तिथे तो कधी चालूच शकला नसता. शेजारच्या घरी पाणी मागितलं. बाईने फ्रीज उघडून गार पाणी दिलं. फ्रीजच्या दारावर बालाजीचं तेच स्टिकर, कोपऱ्यात फाटलेलं, फोटोत होतं तसंच.

"हा फ्रीज त्यांच्या घरी काऊन होता?"

बाईने दाराबाहेर पाहिलं आणि म्हणाली, "पोरगी पाहाले चिखलीचे पाहुणे आले होते ना. आमच्या गल्लीत असंच करतेत. कोणी सोफा देते, कोणी गाडी देते. पण आम्ही त्याची वाच्यता करत नाही, साहेब. सोयरीक मोडते."

आता सगळं कळलं. व्यापाऱ्याच्या माणसाने फोटो त्याच दिवशी काढले होते. बापाला जागा हवी होती, पण मुलीची सोयरीक त्याहून हवी होती. त्यासाठी तो खोटारडा ठरायला तयार होता. मला त्या माणसाचं वाईट वाटलं आणि त्याच्यावर ओरडल्याची लाजही.

त्या बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलावलं, तर सोबत शिंप्याची मुलगीही आली. बाप आधीच बसलेला होता. "तू घरी जाय," तो म्हणाला.

ती हलली नाही. "साहेब, माह्याबी जबाब लिहा. फ्रीज काकूचा, सोफा समोरच्यांचा, गाडी चुलत्याची. आमच्या घरात शिलाई मशीन हाये, बस."

"हे कागद कोर्टात वाचले जातील. चिखलीपर्यंत जाईल," मी म्हणालो.

"मी सकाळीच फोन करून त्याईले सांगितलं. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा बरं."

बापाने मान खाली घातली. तिने सही केली. मी अहवाल पाठवला, तक्रार निकाली काढली. कोर्टाने फी माफ केली.

कायदा गरिबाची फी माफ करतो, पण त्यासाठी त्याला आपली गरिबी चारचौघांत दाखवावी लागते, हे मी या प्रकरणात शिकलो. पुढे अशी चौकशी आली की मी गल्लीत उभं राहून विचारणं बंद केलं. घरात बसायचो, दार लोटून घ्यायचो आणि मगच विचारायचो.

माफीचा आदेश मिळाल्यावर बापलेक ठाण्यात आले. सोयरीक मोडली होती. "माफी भेटली साहेब," एवढं बोलून शिंपी रडायला लागला.

मुलीने त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "बाबा, उठा. वकिलाले पुढची तारीख विचारायची हाये."