दोन न्यूट्रॉन कमी

ज्वारीच्या पिठाचे दोन ओले गोळे डब्यात घालून वर्गात येणारा मास्तर मी आयुष्यात एकच पाहिला. उटनूरच्या कॉलेजात आम्हाला पदार्थविज्ञान शिकवणारे केशव सर. एक गोळा हळद घालून पिवळा केलेला, एक तसाच. दोन्ही तळव्यांवर घेऊन ते गोळे एकमेकांना घासत, झटकन दूर करत आणि पिवळ्याला चिकटलेलं पांढरं पीठ पहिल्या बाकावरच्या मुलीच्या नाकासमोर धरत. ती मुलगी बहुतेकदा मीच. "पाय वं," ते म्हणत, "जोरानं आदळले तं एक होतेत. नुसते घासून गेले तं काई देतेत, काई घेतेत. कोरडा कोणीच जात नाई."

गोळे म्हणजे जड अणूंची केंद्रकं, पीठ म्हणजे त्यांतले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. दोन केंद्रकं घासून गेली तर किती न्यूट्रॉन इकडचे तिकडे जातील, हे आधीच सांगणारं गणित सरांनी स्वतः रचलं होतं. जवळच्याच नार्नूरच्या शेतकऱ्याच्या घरातला हा माणूस. वडिलांच्या आजारपणात पीएच.डी. अर्धी टाकून परत आला आणि प्रयोगशाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर ते गणित चालवत बसला. करंट गेला की पुन्हा पहिल्यापासून. स्टाफरूममध्ये रोजची थट्टा, "केशवराव, तुमचे न्यूट्रॉन घरी पोचले का?" सर म्हणायचे, "एक पान छापून येऊ द्या माह्या नावाचं. मंग मी मोकळा."

ते पान अडलं होतं दोन न्यूट्रॉनांवर. सरांचं उत्तर प्रयोगात मोजलेल्या आकड्यांपेक्षा दर वेळी दोननं कमी यायचं. ते आकडे त्यांनी हैदराबादच्या एका ग्रंथालयातून हातानं वहीत उतरवून आणले होते, आणि ती हकिकत मोठ्या ऐटीत सांगायचे. "उटनूरची बस सुटून राह्यली होती. आकडे घेतले, खालचं बारीक इंग्रजी दिलं सोडून, न् पळालो!" आम्ही पोट धरून हसायचो. त्या दोनसाठी त्यांनी नऊ वर्षं आपलं गणित उसवलं, शिवलं, परत उसवलं.

पुढं शिकले ती मी त्यांच्याच हट्टानं. घरी माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं, तर सर येऊन ओसरीवर बसले. आईनं चहा आणला. "चहा ठेवा तिकडं. आधी पोरीचं काय ते सांगा." बाबांनी हो म्हटलं तेव्हा चहावर जाड साय धरली होती. सरांनी तो तसाच गार पिऊन टाकला.

हैदराबादला संशोधनाला लागल्यावर एका दुपारी, सरांनी ज्यातून आकडे उतरवले होते तोच मूळ लेख माझ्या हाती आला. मी ते बारीक इंग्रजी वाचलं. घासून गेलेलं केंद्रक तापतं आणि मोजणी होईस्तोवर त्यातले साधारण दोन न्यूट्रॉन वाफेसारखे उडून जातात. सरांनी ते आपल्या उत्तरातून वजा केले होते, आणि एरवी ते योग्यच होतं. पण तक्त्याखाली लिहिलं होतं, की उडालेले न्यूट्रॉन या आकड्यांत आधीच परत जमा धरले आहेत. म्हणजे ती वजाबाकीच नको होती; सरांचं पहिल्या वर्षीचंच गणित बरोबर होतं. जे चुकलंच नव्हतं ते हा माणूस नऊ वर्षं दुरुस्त करत बसला होता.

मी मूर्ख. आनंदानं फोन लावला.

सरांनी ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग म्हणाले, "म्हंजे पहिलंच बराबर होतं?"

"हो सर."

"मंग आता धाडता येते का छापाले?"

हा प्रश्न येईल हे माझ्या डोक्यातच नव्हतं. तसलंच गणित मधल्या काळात परदेशात कुणीतरी छापलं होतं, आणि तो लेखही मी वाचला होता. खोटं बोलायला हवं होतं. जीभ वळली नाही. "नाही सर. आलंय ते आधीच. पाच वर्षं झाली."

मग सरांनी विचारलं, "जेवली का वं?"

त्यानंतर त्यांनी कॉम्प्युटरवर कापड टाकलं ते कधी काढलं नाही. शिकवत राहिले, पण पुस्तकात बघून. गोळे पुन्हा वर्गात आले नाहीत. मी सुट्टीत गेले की माझ्या कामाचं खोदून खोदून विचारायचे, स्वतःचं एक अक्षर नाही. गेल्या हिवाळ्यात कापूस वेचणीच्या दिवसांत छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं.

भेटायला गेले तेव्हा काकूंनी, सरांच्या बायकोनं, ती वही माझ्या हातात दिली. "तुह्या फोनानंतर लय शांत झोपायचे ते, पोरी." खोटं होतं ते. त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

वहीत त्या जुन्या तक्त्याखाली, सुटलेल्या जागी, मी फोनवर वाचून दाखवलेली ओळ सरांनी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली होती. खाली पट्टीनं मारलेल्या दोन रेघा. पुढची सगळी पानं कोरी.

कोरडा कोणीच जात नाही, म्हणायचे. मला त्यांनी पदार्थविज्ञान दिलं, बापासमोर बसून माझं शिक्षण मागून दिलं. मी त्यांना काय दिलं, तर ती एक ओळ.