पाठीच्या आतला अंगठा

विओतिया या ग्रीक प्रांतातल्या उत्खननाच्या गोदामात असिमिना एकतीस वर्षं मातीच्या बाहुल्यांचे तुकडे धूत होती. देवीला वाहिलेल्या बाहुल्या त्या; कुणाचं नाक, कुणाचं कोपर, कुणाच्या झग्याची चूण. एका जागेचे तुकडे एका थाळीत आणि प्रत्येक तुकड्यासोबत त्या जागेची चिठ्ठी. चिठ्ठी हरवली की तुकडा बेवारस. त्यामुळे दोन थाळ्यांची सरमिसळ करण्याइतकं मोठं पाप त्या गोदामात दुसरं नव्हतं.

शिकलेली मंडळी भाळायची ती चेहऱ्यांवर. यादीत नोंद चेहऱ्यांची, फोटो चेहऱ्यांचे. बाहुल्यांच्या सपाट पाठींना कोण विचारतो? त्या वजन करून गोण्यांत भरायच्या आणि हंगाम संपला की पुन्हा खड्ड्यात पुरायच्या. यंदा खड्डा शुक्रवारी बुजणार होता.

असिमिनाच्या डोळ्यांत दोन वर्षांपासून मोतीबिंदू होता. कळलं तर घरी बसवतील म्हणून तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. ती बोटांनी चाचपून काम रेटायची, आणि त्यामुळेच कुणी कधी हात न लावलेल्या जागी तिचं बोट गेलं. पाठीच्या आतल्या बाजूला. ओली माती साच्यात दाबताना कुणाचा तरी अंगठा तिथे उमटला होता, आणि त्यावर तिरपी चीर होती. जुन्या जखमेची असावी.

दुसऱ्या थाळीत पुन्हा तोच अंगठा. मग तिसऱ्या. दोन हजार चारशे वर्षांपूर्वी बोट कापलेली ती बाई (बाईच, अंगठा अगदी असिमिनाच्या मापाचा होता) रोज कामावर येत होती तर! दहा दिवसांत असिमिनाने तिच्या एकोणीस पाठी हुडकल्या आणि एका थाळीत मांडल्या.

बुधवारी उत्खननाची प्रमुख एवांथिया आली. थाळीत विहिरीतले, वेदीजवळचे, घरांमधले तुकडे एकत्र बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"असिमिनाबाई, तुम्हाला चिठ्ठ्या वाचता येतात ना?"

लपवण्यात आता अर्थ नव्हता. "नाही गं पोरी. दिसतच नाही मला. पण मी काही मिसळलेलं नाही. ज्याची चिठ्ठी त्यालाच दोऱ्याने बांधलीय. ओरडायचं ते नंतर ओरड. आधी अंगठा घाल आत."

एवांथियाने रागारागातच घातला. मग दुसऱ्या पाठीत घातला. चौथ्या पाठीनंतर तिने स्टूल ओढलं. विहिरीतली एक पाठ आणि वेदीपाशी सापडलेला तुकडा कडेला कड लावून पाहिला, तर एकाच बाहुलीचे असल्यासारखे दोन्ही असे बसले की फट शोधावी लागावी. असिमिनाच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि ती मोतीबिंदूमुळे नव्हती.

बाहेर ट्रक लागला. गोण्या न्यायला आलेल्या माणसांना एवांथियाने दारातूनच परत पाठवलं. परत येऊन तिने पहिली गोणी सोडली, एक पाठ उचलली आणि डोळे मिटले.

"सावकाश का होईना," ती म्हणाली, "पण शिकवा मला."